पाऊण भरलेलं पेन

१

शाई सांडली ती शुक्रवारी दुपारी, उंबरवाडी विद्यालयाच्या ऑफिसात, टेबलावर उघड्या असलेल्या जनरल रजिस्टरवर. पान २०१४ सालचं. त्या पानावर पंचवीस मुलांच्या नोंदी होत्या आणि शाईखाली गेली ती नेमकी एकीची, सोनालीची, जन्मतारीख. अंकी आणि अक्षरी, दोन्ही.

"पेन गळलं," मुख्याध्यापक देसले सर म्हणाले. "आणि पेन भरतं कोण? कुणाली."

शनिवारी सकाळी साडेआठला नरेंद्र भालेराव शाळेच्या फाटकातून आत आला. आटगावहून शहापूर, तिथून किन्हवलीमार्गे सरळगाव आणि पुढे वैशाखऱ्याकडे जाणारी जीप. म्हसाच्या गुरांच्या जत्रेमुळे साऱ्या जीपा उलट्या दिशेला पळत होत्या, त्यामुळे सरळगावला पाऊण तास उभं राहावं लागलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बायको गेल्यापासून आठ महिने तो एका जागी दहा मिनिटं बसलेला नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर जुनी शाईपेनं दुरुस्त करायचा नाद त्याला लागला होता. आता एक पेन उघडायचं, तसंच टाकायचं, उठून चहा ठेवायचा, चहा उकळून आटला की दुसरं पेन उघडायचं, असं चाललं होतं.

कुणाली पष्टेचा फोन काल संध्याकाळी आला होता. "काका, सर म्हणतात माझा करार संपवणार. मी पेन नीट भरलं होतं हो. काकूंनी शिकवलं होतं तसंच."

काकू म्हणजे संध्या, नरेंद्रची बायको. सव्वीस वर्षं ती या शाळेची क्लार्क होती. तिच्यानंतर त्या खुर्चीवर कुणाली आली, करारावर.

देसले सर खुर्चीतून उठले, पण घाईत होते. "भालेरावसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे. पण बारा वाजता मी मुरबाडला संस्थेच्या बैठकीला निघणार आणि हा अहवाल सोबत नेणार. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. ते खराब केलेल्या माणसाला मी ठेवू कसा?"

"पेन बघू द्याल?"

"बघा की. तसं पेनाचं काम पेनवाल्यालाच कळायचं." सर थोडं हसले. "पोरीने काठोकाठ भरलं असणार. जास्त भरलं की गळतं, एवढं मलाही कळतं."

"उलटं आहे सर," नरेंद्र म्हणाला. "भरलेलं पेन गळत नाही."

२

ते पेन शाळेच्या संस्थापकांनी दिलेलं होतं. काळं, जाड, एबोनाइट या कडक रबराचं. आत ना पिशवी, ना पंप. पेनची नळी हीच शाईची टाकी. पुढचा भाग आटे फिरवून काढायचा आणि ड्रॉपरने शाई सोडायची. जनरल रजिस्टरमध्ये याच पेनाने लिहायचं, बॉलपेन चालवायचं नाही, हा शाळेचा जुना नियम.

"तू कसं भरतेस, मला सांग," नरेंद्र म्हणाला.

टेबलाशी उभ्या असलेल्या कुणालीचं रडून झालेलं होतं. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. "खाली जुनं फडकं घालायचं. पेन उभं धरायचं, निब वर. निब वर धरूनच पुढचा भाग फिरवून काढायचा, म्हणजे नळीतली शाई खालीच राहते. निब खाली धरून उघडलं की सगळं मांडीवर."

"झालं होतं तसं?"

"पहिल्याच दिवशी. काकू इतक्या हसल्या! म्हणाल्या, ड्रेस गेला, पण धडा आला." तिने ओढणीने डोळे पुसले. "मग ड्रॉपरने शाई घालायची, थेंब नळीच्या कडेने उतरवायचा, म्हणजे बुडबुडा येत नाही. आट्यांपर्यंत भरायचं नाही, बोटभर खाली थांबायचं. आट्यांना मेणाचा हात लावायचा, घट्ट फिरवायचं, निब पुसायची. आणि शाई निम्म्यावर आली की परत भरायचं, संपेपर्यंत वाट बघायची नाही."

"का?"

"रिकाम्या पेनात हवा जास्त. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते."

देसले सर दारात उभे राहून ऐकत होते.

"काल कधी भरलंस?"

"साडेअकराला. सोनालीने मागितलेला तिच्या नोंदीचा उतारा लिहायचा होता ना. पण लिहायला बसले तोवर तांदळाचा टेम्पो आला."

"म्हणजे भरल्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस."

"नाही."

नरेंद्रने आधी टोपण काढून आत चिंधी फिरवली. चिंधी कोरडी निघाली. मग पेन उभं धरलं, निब वर, आणि पुढचा भाग फिरवला. नळी उजेडाकडे तिरकी केली. आट्यांच्या खाली बोटभर जागा सोडून शाई जिथल्या तिथे होती.

"सर, इकडे या. पानावर किती शाई सांडलीय? ड्रॉपरभर तरी. ती या पेनातून गेली असती तर इथे खड्डा दिसला असता. या पेनातून काल एक थेंबही बाहेर आलेला नाही."

सरांनी नळीत डोकावून बघितलं. "मग शाई आली कुठून?"

नरेंद्रने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या पेल्यात ड्रॉपर ठेवलेला होता. रबरी गोंडा खाली, काचेचं टोक वर.

कुणाली बघतच राहिली. "काका, मी असा ठेवत नाही," ती हळूच म्हणाली. "कधीच नाही."

३

धुतलेला ड्रॉपर टोक खाली करून ठेवायचा. टोक वर केलं की उरलेली शाई रबरात उतरते, रबर कुजतं आणि गोंड्याच्या तोंडातून शाई झिरपून बोटांना लागते. पेन भरणाऱ्या माणसाचा हात ही चूक करत नाही. चमचा-वाटी धुऊन पालथी घालणारा हात करतो.

नरेंद्रने गोंडा दाबला. टोकातून निळा फेस आला.

"टेम्पोकडे किती वेळ होतीस?"

"पावणेबारा ते सव्वाबारा. पोती उतरवून घेतली, सही केली. परत आले तर हे."

"दार?"

"उघडंच. ऑफिसात काय चोरायचंय, काका? अर्धी शाळा जत्रेला गेलेली."

"आणि शाळेत कोण होतं?"

"सुनिलदादा. जानकीमावशी स्वयंपाकघरात. सर म्हसाला गेले होते, तीनला परत आले."

सुनिल विशे शाळेचा शिपाई. जानकीबाई पोरांची खिचडी शिजवणारी. आणि सर. नरेंद्र सरांकडे वळला तेव्हा त्याची नजर सरांच्या खिशावर गेली. पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली शाईचा डाग होता, धुऊनही न गेलेला.

"तुम्ही म्हसाला किती वाजता निघालात, सर?"

"अकराला."

स्वयंपाकघरात जानकीबाई तांदूळ निवडत होती. नरेंद्रला बघून तिने पदर सावरला. "या, बस्सा. संध्याबाय गेल्यापास्नं तुमी आलाच नाय इकडं. किती वाळलाव! जेवता का नाय?"

"जेवतो, मावशी. काल सर किती वाजता गेले?"

"बारा वाजलं असतील. तोवर गाडी इथंच हुती, आन सर मागल्या वर्गात फोनवर. बैलाचा भाव इचारत हुते कुनाला तरी. आकराचं सांगतात व्हय? सांगतील. शाळेच्या टायमात बैलाचा भाव!" ती तोंडावर पदर घेऊन हसली.

नरेंद्र परत ऑफिसात गेला, ओलं फडकं घेऊन. "सर, रागावू नका," म्हणत त्याने सरांच्या खिशाखालचा डाग टिपला. फडक्यावर जांभळा रंग आला.

"शिक्क्याची शाई आहे ती," सर तडकले. "माझ्यावर संशय?"

"होता. तुम्ही बाराला निघालात आणि अकरा सांगितलेत. पण पानावरची शाई निळी आहे, ही जांभळी."

सरांनी दाराकडे बघितलं. "बैलाचं कोणाला सांगू नका," ते खालच्या आवाजात म्हणाले.

नरेंद्र पुन्हा स्वयंपाकघराकडे निघाला. काहीतरी विचारायचं राहिलं होतं आणि काय ते दारात पोचल्यावर आठवलं. "मावशी, काल दुपारी इथे कोणी काही मागायला आलं होतं?"

"कोन येनार? सुनिल आला. लिंबू दे म्हनला. मी म्हटलं मळमळतंय का रे, सरबत करते. तर नाय, नुसती फोड दे. आन फोड घेऊन गेला नळाकडं."

लिंबाने काय जातं, हे शाईत बोटं घालणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

४

सुनिल फाटकापाशी झाडत होता. हाताला आठवड्याची धूळ आणि फळ्याचा खडू बसलेला. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटं धुतल्यासारखी फिकट. अंगठ्याच्या नखात बारीक निळी रेघ.

नरेंद्रने त्याला हाक मारली नाही. हात कोणाचा ते कळलं होतं. का, ते कळलं नव्हतं. सोनाली सुनिलचीच मुलगी. बाप आपल्याच मुलीची नोंद का बुडवील? सोनालीची पोलीस भरतीत निवड झालेली, सोमवारी ठाण्याला कागद तपासायचे, त्यासाठीच तर उतारा मागितला होता.

"कुणाली, टिपकागद आहे?" त्याने विचारलं. "आणि खरं सांग, बाटलीत कुठली शाई आहे?"

ती ओशाळली. "साधी निळी, काका. काकू आणायच्या ती पक्की शहापूरला कुठेच मिळेना. सरांना सांगितलेलं नाही."

"बरं झालं नाही मिळाली."

टिपकागद पाण्यात बुडवून, पिळून त्याने डागावर ठेवला आणि तळहाताने दाबला. उचलला तेव्हा कागद निळा झाला होता. दुसरा ठेवला. तिसरा. साधी निळी शाई पाण्याला सोडते. संध्याची पक्की शाई कागदात मुरून काळी पडते, ती पाण्याला दाद देत नाही. पाचव्या कागदाला फिकट निळ्या ढगाखालून अक्षरं वर आली. तिरपी, सरळ ओळीत, वेलांटीला छोटा झोका दिलेली.

कुणालीने वाचलं. "बारा अकरा दोन हजार तीन. बारा नोव्हेंबर दोन हजार तीन. सगळं नीट आहे की, काका!"

"मग चूक दुसऱ्या कागदात असेल. सोनालीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची शाळेकडची स्थळप्रत काढ. २०१९ ची."

तिने कपाटातून दाखल्यांचं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि थांबली. तिचं बोट एका ओळीवर होतं. तिने बोट उचललं नाही. नरेंद्रला ते हलकेच बाजूला करावं लागलं.

जन्मतारीख १२-११-२००२.

रजिस्टरमध्ये सोनालीच्या वरच्या ओळीतली मुलगी २००२ ची होती. दाखला लिहिताना नजर एक ओळ वर गेली होती. दाखल्यावरचं अक्षरही तेच, वेलांटीला झोका दिलेलं.

२०१९ चा जून. संध्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रोज संध्याकाळी ती डोळे चोळत घरी यायची. ऑपरेशन करू म्हणाली होती. तोच म्हणाला होता, दाखल्यांची गर्दी सरू दे, मग बघू.

घड्याळात अकराला दहा कमी होते.

५

"काका," कुणाली म्हणाली, "मी हे पुस्तक परत कपाटात ठेवते."

"का?"

"पेन गळलं नाही एवढं सरांना पटलंय. पुढचं राहू दे. नाहीतर मला काढू दे. माझं वय आहे, दुसरीकडे मिळेल काही. पण सव्वीस वर्षांत काकूंची एक चूक कोणी दाखवली नाही, आणि आता त्या नसताना..."

नरेंद्र उठला. खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. खिशात त्याचं स्वतःचं पेन होतं, पक्क्या शाईचं. ओल्या पानावर त्या शाईचा एक थेंब पडला असता तर ती तारीख पुन्हा कोणाला दिसली नसती. तो विचार त्याच्या मनात आला, आणि तो आला याचीच त्याला भीती वाटली. तो तसाच बाहेर पडला.

"सुनिल."

सुनिलने झाडू भिंतीला टेकवला. "दाजी." संध्याला तो ताई म्हणायचा, म्हणून हा दाजी.

"लिंबाने नखातली जात नाही."

सुनिलने अंगठा मुठीत धरला. मग पायरीवर बसला.

"सोनीच्या दाखल्याची झेराक्स खिशात हुती. कुणाली टेम्पोकडं गेली, वही उघडी हुती. म्हटलं बघावं, पोरीचं नाव कसं दिसतंय. वाचलं, आन झेराक्स काढून ताडून बघितली, दाजी. दाखल्यात दोन, वहीत तीन. ठाण्याला बोलतील, कागद खोटा हाय. आन खोटा कोनी केला? तर ताईनी. ताईचं अक्षर कोनाला वळखू येत नाय?"

"म्हणून वहीतली तारीख बुडवलीस."

"वहीत दिसलं नाय तर सर दाखल्यावरनं लिवतील, एवढंच डोक्यात. पेन उघडता येत नाय मला, म्हनून ड्रॉपर घेतला. जुनं पेन हाय. गळलं तर कोनाचा गुन्हा? पेनाचा. मला काय ठाव, सर त्या पोरीच्या नरड्यावर बसतील?"

"काल दुपारीच बसले होते. मग का नाही बोललास?"

सुनिलने पायरीवरची काडी उचलून मोडली. "दाजी, मी सरांचं पाय धरतो. सांगतो, झाडताना धक्का लागला, बाटली लवंडली. कुणाली सुटली. ताईचं नाव पन नाय निघत."

"आणि सोमवारी सोनाली तोच दाखला घेऊन ठाण्याला जाणार?"

"तवाचं तवा बघू."

"तुला एक सांगू?" नरेंद्र त्याच्या शेजारी बसला. "खरी नोंद वहीतली असते. दाखला ही तिची नक्कल. नक्कल चुकली तर वही बघून मुख्याध्यापक दाखला दुरुस्त करून देतात. अर्ध्या तासाचं काम. कुणालीला सांगितलं असतंस तर कालच झालं असतं. तुझ्या पोरीला वाचवणारी एकच ओळ या शाळेत होती आणि तू नेमकी तीच बुडवलीस."

सुनिलचा चेहरा हळूहळू उतरला. "मंग आता?" त्याने ऑफिसाकडे बघितलं. "आता गेलं का सगळं?"

"नाही. निघालीय शाई. वाचता येतंय."

सुनिलने तोंड दोन्ही हातांत घेतलं.

"चल आत," नरेंद्र म्हणाला. "तुझं तू सांग. ताईचं मी सांगतो."

६

साडेअकराला देसले सर अहवालाची फाइल काखेत घेऊन उभे होते. नरेंद्रने बसायला सांगितलं तेव्हा ते टेबलाच्या कडेला टेकले.

"पेन गळलेलं नाही, ते तुम्ही स्वतः बघितलंत. शाई बाटलीतून ड्रॉपरने टाकली. ड्रॉपर उलटा ठेवला होता, म्हणजे टाकणाऱ्याला पेन भरायची सवय नव्हती. उलट्या ड्रॉपरची शाई बोटांना लागली, म्हणून त्याने स्वयंपाकघरातून लिंबू मागितलं. पंचवीस नोंदींत एकच बुडवली, तीही फक्त तारीख, म्हणजे ती तारीख त्याला नको होती. आता तो बोलेल."

सुनिल बोलला. मध्ये एकदा अडखळला, पण काही लपवलं नाही. सरांचे कान लाल झाले. "अरे, वीस वर्षं या शाळेत आहेस तू! मला येऊन सांगायला काय झालं होतं? काय करू तुझं?"

"करा काय करायचं ते," सुनिल म्हणाला. "पन पोरीवर घालू नका. कुनाच्याच पोरीवर."

नरेंद्रने दाखल्यांचं पुस्तक सरांपुढे सरकवलं आणि चुकलेल्या वर्षावर स्वतः बोट ठेवलं. "ही चूक संध्याची."

सरांनी ओळ वाचली, रजिस्टर वाचलं आणि चष्मा काढला. काखेतली फाइल टेबलावर ठेवली, तिच्यातला अहवाल काढला, चार तुकडे केले. "कुणाली, नवा दाखला लिही. रजिस्टरच्या समासात शेरा घाल. मी सही करून मगच निघतो. आणि सुनिल, तुझा जबाब लेखी पाहिजे. पुढचं बैठकीत ठरेल." मग बाटलीकडे बघत म्हणाले, "साधी निळी वापरत होतीस ना तू? त्याचंही बोलणं होणारच आहे."

"पक्की असती तर आज नोंद वाचता आली नसती, सर," नरेंद्र म्हणाला.

"म्हणूनच नुसतं बोलणं."

कुणाली खुर्चीवर बसली. कालपासून ती उभीच होती. नरेंद्रने शर्टाच्या खिशातलं स्वतःचं पेन तिला दिलं, त्यात पक्की शाई होती. ती मोठ्याने म्हणत लिहू लागली. "या नोंदीवर शाई सांडली होती. ती टिपून मूळ नोंद वाचली. जन्मतारीख बरोबर आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात वर्ष चुकीचे लिहिले गेले. चूक करणार..." तिथे ती थांबली.

"नावाची गरज नाही," सर पटकन म्हणाले. "'तत्कालीन लिपिक' एवढं पुरे."

"पुरे नाही," नरेंद्र म्हणाला. "दहा वर्षांनी कोणी हे पान उघडेल. नाव दिसलं नाही, तर त्या दिवशी या खुर्चीवर जी बसली असेल तिच्यावर जाईल. काल गेलं तसं. लिही कुणाली."

"काका..."

"संध्या नरेंद्र भालेराव."

तिने लिहिलं. वळून बघितलं नाही, घाईही केली नाही. नरेंद्र तिच्या खांद्यामागे उभा राहून अक्षर अक्षर उमटताना बघत होता. मधलं नाव आपलं आहे, हे त्याला ते लिहून झाल्यावर दिसलं. ते त्याला बरोबर वाटलं.

शाई ओली होती. त्याने बाजूची खुर्ची ओढली आणि ती वाळेपर्यंत बसून राहिला.